खुंटीवरचा श्वास

मी एक जुना आणि थापाड्या पंप आहे, मित्रांनो. विहिरीवरचा नव्हे, पाण्याशी माझं कधी पटलं नाही. मी हवा ओढतो. तळहाताएवढा माझा जीव, कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा. माझी रबरी नळी छातीवरून कॉलरपर्यंत जाते आणि तिच्या टोकाला काचेची बारीक नळी असते, कोळशाच्या दाण्यांनी भरलेली. माणूस जी हवा नाकाने घेतो, तीच मी त्याच्या नाकाशेजारून ओढतो. हवेत जे विष असेल ते कोळसा गिळून बसतो. मग प्रयोगशाळेत त्याच्या पोटातून ते काढून मोजतात.

एका लांब टेबलावर सहा बायकांनी सुटे भाग जोडून मला घडवलं. सातवीने कानाशी धरलं आणि म्हणाली, "हा फार बोलका आहे गं." तेव्हापासून मी बोलतोच आहे.

खरं सांगायचं तर मी मिनिटाला चहाच्या कपभर हवा ओढतो. पण कपाटातल्या नव्या पंपांना सांगतो की, एका रंगाच्या कारखान्यात मी असा जोर लावला, की मुकादमाची अर्धी मिशी उपटून नळीत अडकली. खिडकीवरच्या कावळ्याचं काय झालं ते तर विचारूच नका. त्यांचा विश्वास बसतो, कारण ते नवे आहेत.

पुढची गोष्ट मात्र तिखटमीठ न लावता सांगतो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप तिच्यातच आहे. ती मी आकड्यात मारली, सहीशिक्क्यासकट.

पितळेचे आणि लोखंडाचे सुटे भाग घडवणारा एक कारखाना होता. लेथवरून उतरलेले भाग तेलाने बरबटलेले असत. ते धुवायला कोपऱ्यात कमरेइतकी उंच टाकी होती, गरम सॉल्व्हंटने, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या रसायनाने भरलेली. भागांची जाळी आत बुडवायची, लोखंडी हुकाने वर ओढायची, निथळू द्यायची. तेल गायब! भाग असे चकचकीत, की त्यात तोंड बघून भांग पाडावा. टाकीवर एकोणीस वर्षं एकच माणूस होता. सगळे त्यांना धुवणकाका म्हणत.

दोन वर्षांपासून काकांचं काहीतरी बिनसलं होतं. दुपार झाली की डोकं गरगरायचं, जीभ जड व्हायची, पाय तिरके पडायचे. बोटांना शर्टाची बटणं सापडायची नाहीत. शेजारचा लेथवाला मोठा टवाळ.

"काय काका, आज सकाळीच टाकून आलात वाटतं?"

"अरे, आयुष्यात थेंबाला शिवलो नाही मी."

"थेंबाला कोण म्हणतंय? मी पिंपाचं विचारतोय!"

सगळे हसायचे. काकाही हसायचे. पण घरी काकू दार उघडताच आधी त्यांच्या तोंडाचा वास घेत, आणि मग काकांना हसू यायचं नाही.

शेवटी साहेबांनी त्यांना बोलावलं. "हे बघा, तुम्ही म्हणता टाकीमुळे होतंय. ठीक आहे, हवा मोजून घेऊ. आकडा वर आला तर टाकीला वाफ ओढून बाहेर टाकणारा एग्झॉस्ट बसवतो, माझा शब्द. नाही आला, तर दोष हवेचा नाही, तुमचा. मग उद्यापासून गेटबाहेर."

हवा मोजायला प्रयोगशाळेतून एक बाई आल्या. तरुण, घाईतल्या. त्यांनी मला काकांच्या पट्ट्याला अडकवलं, नळी कॉलरला चिमट्याने लावली आणि म्हणाल्या, "जपा हं काका. नाजूक आहे आणि माझ्याकडे एकच आहे. टाकीतलं काही उडू देऊ नका याच्यावर."

"लेकरासारखं जपतो, बाई."

बाई पलीकडच्या शेडमध्ये आवाज मोजायला गेल्या. आणि काकांनी मला जपलं हो! जाळी वर काढायची तर टाकीच्या काठावरून डोकं आत घालून वाकावं लागे. वाकायच्या आधी काका थांबले. त्यांनी मला नळीसकट सोडवलं, स्वच्छ हातरुमालात गुंडाळलं आणि खिडकीजवळच्या खुंटीला टांगलं. मग एकटे वाकले. जाळी निथळेपर्यंत वाफेत वाकून राहिले. पाणावलेल्या डोळ्यांनी परत आले, हात पुसले आणि मला पुन्हा कमरेला लावलं.

मी किती गुरगुरलो, मित्रांनो! अहो काका, हेच तर माझं काम, मला घेऊन वाका! पण पंपाला एकच सूर. काकांनी मला थोपटलं. "बस बस. आलोच."

सदतीस वेळा ते वाकले, सदतीस वेळा मी खुंटीवर. खिडकीबाहेर कुणीतरी धुणं वाळत घातलं होतं. मी दिवसभर साबणाचा वास ओढला.

आठवड्याने अहवाल आला. साहेबांनी तो मोठ्याने वाचला. "नगण्य! अहो, माझ्या घरात याहून वाईट हवा आहे."

काका खाली मान घालून उभे होते. मग त्यांनी अहवाल घेऊन आलेल्या बाईंना हळूच विचारलं, "मशीन बरं राहिलं ना? एक थेंब उडू दिला नाही. वाकताना दर खेपेला काढून खिडकीशी ठेवलं."

बाईंनी विचारलं, "दर खेपेला, काका?"

"मग! तुम्हीच म्हणालात ना, जपा."

बाई साहेबांकडे वळल्या. "हा आकडा रद्द करा. चूक माझी आहे. मी पुन्हा मोजते, दिवसभर शेजारी उभी राहून."

"बाई, अहवालावर सही कुणाची?"

"माझी."

"मग झालं तर."

शनिवारी काका डबा आणि रुमाल घेऊन बाहेर पडले. मागे राहिला 'दारुडा' हा शिक्का, आणि तो पुसायला सॉल्व्हंट चालत नाही.

टाकीवर कुणाला उभं केलं असेल? लेथवाल्याला. पाच महिन्यांत त्याचे पाय तिरके पडू लागले. एके दिवशी तो स्वतःच बाईंच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, मीही पीत नाही."

या वेळी बाई शेजारून हलल्या नाहीत. लेथवाल्याबरोबर मी वाकलो, प्रत्येक खेपेला. आकडा मर्यादेच्या आठपट आला. मग दोन दिवसांत टाकीच्या काठाला एग्झॉस्ट बसला, वर झाकण आलं, जाळी उचलायला साखळीची कप्पी आली. डोकं आत घालायची गरजच उरली नाही. एकोणीस वर्षं रखडलेलं काम, दोन दिवसांत!

लेथवाला काकांना हाताला धरून ते दाखवायला घेऊन आला. "काका, मी तुम्हाला काय काय बोललो..." काकांनी कागदाची एक पट्टी टाकीच्या काठाशी धरली. त्यांच्या बोटांतून ती आपोआप निसटली आणि एग्झॉस्टने गिळली.

"ओढतंय की छान," काका म्हणाले.

मग त्यांना बाईंच्या कमरेला मी दिसलो. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तो तीनदा खाली पडला, चौथ्यांदा त्यांनी मला पुसलं. "जपा हं बाई याला."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवतात की आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला आपटा, माखवा, भिजवा. पण माणूस जिथे वाकतो तिथे मला घेऊन वाका. मी मोडलो तर दुसरा मिळेल.

आता मी कपाटात असतो. नवे पंप कधीकधी विचारतात, "आजोबा, एवढी वर्षं कारखान्यांतून हिंडलात, आणि अंगावर एक ओरखडा कसा नाही?"

तेव्हा मी त्यांना मुकादमाच्या मिशीची गोष्ट सांगतो.