उघड्यावरचा बंब

मित्रांनो, मी एक जुना बंब आहे असं आता सगळेच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. खरं तर हे नाव मला मिळून दोनच वर्षं झाली. त्याआधी शंभराहून जास्त वर्षं मला कुणी बंब म्हटलं नव्हतं. अंग माझं तांब्याचं, पोट गोल, आणि पोटाच्या मधोमध खालून वर गेलेलं धुराडं. धुराड्यात विस्तव, विस्तवाभोवती पाणी. बुडाशी एक लहानशी शेगडी, कुशीला पाणी ओतायची तोटी. वारा जितका जोराचा, तितकं माझं पाणी लवकर उकळतं. माझी विद्या ती एवढीच.

आणि याच विद्येपायी गेल्या हिवाळ्यात माझ्या हातून एक माणूस जाता जाता राहिलं. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म १९०९ सालचा, न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या एका गावातला. त्या काळी इथे पेटंट घ्यायची हौस घरोघरी शिरली होती. कुणी केसांतून न निसटणारी पिन काढत होतं, कुणी डब्याचं घट्ट झाकण, कुणी अंडी फेटायचं चाक, कुणी वाऱ्यानं न आपटणारी खिडकी. दिवसभर हातोडा चालवलेली माणसं संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पेन्सिलीनं रेघा ओढत बसायची. माझा कर्ता नळकाम करणारा कारागीर होता. मेंढरांमागे हिंडणाऱ्यांना आणि रस्त्यावर खडी फोडणाऱ्यांना चहा लवकर मिळावा, म्हणून त्यानं मला घडवलं.

पण पहिल्यांदा पेटवलं ते बाहेर नाही. पाऊस लागला होता, म्हणून कपडे धुवायच्या खोलीत, दार लावून. पोटात कोळसा घातला. त्याची बायको जवळच घड्याळ घेऊन बसली होती, पाणी किती मिनिटांत उकळतं ते बघायला. पाणी उकळलं. तिनं मात्र वेळ सांगितली नाही. तिची मान एका बाजूला कलली होती. त्यानं तिला दोन्ही काखांत हात घालून अंगणात ओढलं, तसंच पावसात. ती वाचली. दुसऱ्या दिवशी पेटंट कचेरीला पाठवायच्या कागदांत त्यानं एक ओळ वाढवली, ‘हे पात्र उघड्या हवेतच पेटवावे.’ तीच ओळ काळ्या रंगानं माझ्या पोटावर लिहिली. पेटंटचा नंबर मात्र छिन्नीनं ठोकला. रंगवलेलं किती टिकतं आणि ठोकलेलं किती, हे मला पुढे कळायचं होतं.

मग मी खूप फिरलो. मेंढरांच्या वाड्यांवर, नदीकाठी, रेल्वेच्या रुळांजवळ. थंडीनं वाकडी झालेली बोटं माझ्याभोवती सरळ व्हायची. ‘काय अक्कल चालवलीय,’ असं म्हणून लोक माझ्या पाठीवर थापट्या मारायचे. पुढे घराघरांत विजेच्या किटल्या आल्या आणि मी उत्तरेकडच्या ओटाहुहु नावाच्या उपनगरातल्या एका शेडमध्ये रंगाच्या डब्यांमागे गेलो. किती वर्षं ते विचारू नका. तिथे कोळ्यांशिवाय कुणी मोजणारं नव्हतं. शेडचा मालक वारला तेव्हा सामान ऑप शॉपमध्ये गेलं. दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानाला इथे तसं म्हणतात.

त्या दुकानात एका दुपारी वसुधाबाई माझ्यासमोर थबकल्या.

“अहो, इकडे या. बघा काय आहे. बंब.”

“इथे कुठला बंब,” म्हणत नानासाहेब काठी टेकत आले. चष्मा वर-खाली करून त्यांनी मला न्याहाळलं. “अगं, बंबच की. पण एवढासा? आपल्या बंबाला पोर झालं वाटतं.”

दोघं मिरजेचे. मुलगा सचिन इथे शिकायला आला आणि इथलाच झाला. त्याच्याकडे, माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरात, दोघं राहायला आले होते. नात सुरुची बरोबर होती. ती म्हणाली, “आजी, इट्स जस्ट ॲन ओल्ड कॅम्पिंग थिंग.”

“थिंग नाही गं, बंब. तुझा बाबा असल्याच्या पाण्यानं न्हाऊन मोठा झालाय.”

अशी मला माझी माणसं मिळाली. वसुधाबाईंनी मला मांडीवर घेऊन चिंच आणि मिठानं घासलं. बाळाला न्हाऊ घालावं तसं. माझ्या पोटावर काळ्या ओळीतले तीन-चार शब्द अजून अंग धरून होते. त्यांना वाटलं काजळीच. त्यांनी चिंचेचा चोथा आणखी जोरानं फिरवला. शब्द गेले, नंबर राहिला. आणि खरं सांगू, मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. मी इतका लखलखत होतो की मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मागच्या अंगणात फेजोआच्या फळझाडाखाली त्यांनी मला पहिल्यांदा पेटवलं. बारीक काटक्या घालत त्या गुणगुणल्या:

*धुराला सांगते, जाय आभाळाच्या घरा,*
*न्हायाला बसला, माझ्या जन्माचा आसरा.*

आणि माझा धूर खरंच सरळ वर गेला.

ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, वादळ आलं. सकाळचा चहा होतो न होतो तोच वीज गेली, आणि घरातली चूलही विजेवरचीच. सचिन हेन्डरसनला कामावर निघून गेला, सून ममता वृद्धाश्रमात ड्युटीवर, सुरुची मैत्रिणीकडे. दहा वाजेपर्यंत नळाचं गरम पाणी संपलं आणि फोनही बंद पडला. त्या दिवशी नेमकी संकष्टी. दोघांचाही उपास.

“आज आंघोळ राहू द्या,” वसुधाबाई म्हणाल्या. “गणपती काही रागवत नाही.”

“गणपती नाही रागवत, मी रागवतो. पारोशानं पूजा करायची नाही मला.”

“मग गार पाण्यानं करा.”

“या थंडीत? मला मारायचाच विचार आहे का तुझा?”

बाहेर झाडं जमिनीला टेकत होती. अंगणात मला पेटवणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी मला गराजमध्ये आणलं. गराजचं वर सरकणारं दार विजेवरचं, ते बंदच होतं. घरात जायचं दार त्यांनी आतून ओढून घेतलं आणि खालच्या फटीत टॉवेल कोंबला, कारण घरात धुराचा भोंगा होता. फोडणी जराशी करपली तरी तो गल्ली जागी करायचा. नानासाहेब खुर्ची घेऊन माझ्याजवळ शेकायला बसले. काटक्या ओल्या होत्या, धूर फार व्हायला लागला. तेव्हा वसुधाबाईंना कोपऱ्यात सचिनच्या बार्बेक्यूचा कोळसा दिसला.

मित्रांनो, कोळसा पडला आणि मला ती धुण्याची खोली आठवली.

कोळसा लाल झाला. धूर थांबला. “बघा, कसा स्वच्छ पेटलाय,” वसुधाबाई म्हणाल्या. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं त्यांना वाटलं. पण निखाऱ्याचा श्वास दिसत नाही, त्याला वासही नसतो. तो माझ्या धुराड्यातून निघून छताला टेकत होता आणि तिथून हळूहळू खाली उतरत होता. दोन बादल्या पाणी हवं होतं. एकदा उकळलेलं बादलीत ओतायचं, पुन्हा गार भरायचं, पुन्हा कोळसा. माझा जीव तुटत होता. मी तोटीतून उकळतं पाणी उडवलं. त्यांना वाटलं, झालं तयार.

“डोकं जड झालंय,” नानासाहेब म्हणाले.

“उपास आहे ना. सकाळपासून चहा घोटभर घेतलात तेवढाच. माझंही ठणकतंय.”

“साबुदाणा भिजवलायस?”

“भिजवलाय.”

“शेंगदाण्याचं कूट?”

“कालच केलंय. तुम्हाला ना, देवापेक्षा खिचडीची घाई.”

याला त्यांच्याकडे नेहमी उत्तर असायचं. त्या दिवशी ते नुसतं “हं” म्हणाले. मग वसुधाबाईंनी टॉवेल आणू का विचारलं, तेव्हाही “हं”. त्यानंतर त्यांनी काही विचारलं, त्याला उत्तरच आलं नाही. त्यांनी हसून मान हलवली. “लागला डोळा,” म्हणाल्या. आणि पुढे माझ्यात कोळसा घालत गुणगुणायला लागल्या, “धुराला सांगते, जाय आभाळाच्या घरा...”

थांबल्या.

“धुराला सांगते, जाय आभाळाच्या घरा...”

पुढची ओळ येईना. माहेरच्या जात्यापासून पाठ असलेली ओळ. त्यांनी कपाळावर हात चोळला. तिसऱ्यांदा पहिली ओळ म्हटली, शब्द जड, जिभेला चिकटलेले. मला वाटलं, आता या खाली बसणार, आणि बसल्या की उठणार नाहीत. पण ती ओळ अर्धीच राहिल्यानं त्यांना चैन पडेना. ओळीच्या शोधात त्यांनी वर पाहिलं. वर छत होतं. पांढरं, सपाट, बंद छत.

“आभाळ कुठाय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचे गाल लालबुंद होते आणि मान एका बाजूला कलली होती.

“अहो,” त्यांनी हलवलं. “अहो, उठा.”

ते उठले नाहीत. त्यांना खुर्चीतून ओढायला गेल्या तर स्वतःच गुडघ्यांवर पडल्या. डोक्यात आभाळच होतं, घरात जायचं दार त्यांना आठवलंच नाही. उठून सरकत्या दाराचं भिंतीवरचं बटण दाबलं. वीज कुठे होती? दाराला दोन्ही हात लावून रेटलं, ते हललं नाही. वरच्या पट्टीला एक लाल दोरी लोंबत होती, त्यांच्या हाताच्या वर. वीज नसताना दार हातानं उघडायला सचिनला ती ओढताना त्यांनी कधीतरी पाहिलं होतं. नानासाहेबांची काठी उचलली, मूठ दोरीत अडकवली. निसटली. पुन्हा अडकवली. निसटली. तिसऱ्या वेळी साऱ्या अंगाचं ओझं काठीवर टाकून त्या खाली लोंबकळल्या, आणि वर काहीतरी खट्‌कन सुटलं.

त्यांनी पुन्हा रेटलं तसं दार कमरेएवढं वर गेलं. वारा आत घुसला.

आयुष्यभर ज्या वाऱ्याची मी वाट पाहिली, तो आला आणि माझे निखारे भडकले. वसुधाबाईंनी मला काठीनं ढकललं. मी आडवा झालो, दाराखालून गडगडत बाहेर गेलो, आणि उतारावर माझी शिवण उकलली. माझं पाणी माझ्याच विस्तवावर सांडलं. एवढं बरं झालं.

“टेविता,” त्या ओरडल्या. शेजारचा, टोंगा बेटांवरून आलेला टेविता पायांत रबरी चपला घालून कुंपणाची फळी बांधत होता. तो दाराखालून वाकून आत शिरला आणि नानासाहेबांना खुर्चीसकट पावसात घेऊन आला. “आय गॉट हिम, आंटी. सिट, सिट,” तो म्हणत होता आणि एका हातानं फोन लावत होता. वसुधाबाई बसल्या नाहीत. ओल्या मातीत गुडघे टेकून त्या नवऱ्याच्या नाकाशी हात धरून होत्या. ती मिनिटं मी मोजली नाहीत. मला मोजवली नाहीत. मग नानासाहेब खोकले.

दोन दिवस दोघांनाही दवाखान्यात प्राणवायू लावला होता. घरी आल्यावर सचिननं मला गाडीत टाकलं. “हे आत्ता टिपवर फेकून येतो,” तो म्हणाला. टिप म्हणजे इथला कचरा डेपो.

“त्याला फेकून काय होणार? पेटवलं मी,” वसुधाबाई म्हणाल्या. “मला नेतोस का टिपवर?”

“तिला न्यायला ट्रेलर लागेल,” आतून नानासाहेबांचा आवाज आला. बारीक, पण आला.

सचिन हसला नाही. तो पायरीवर बसला. “आई, मला माहीत होतं गं. इथे दर हिवाळ्यात टीव्हीवर सांगतात, कोळसा आत पेटवू नका म्हणून. मला वाटलं, तुला काय सांगायचं, तू जन्मभर बंब पेटवलास.”

“आपलं न्हाणीघर वरून मोकळं होतं रे. कौलांतून ऊन यायचं खाली. तेव्हा कधी मनात आलं नाही, की ती फटसुद्धा बंबाचाच भाग आहे.”

मग सचिननं मला गाडीतून खाली उतरवलं. पुढच्या आठवड्यात एका डागकाम करणाऱ्याकडून माझी शिवण सांधून आणली.

मित्रांनो, तुम्ही आम्हा जुन्या वस्तूंना घासूनपुसून ठेवता, ते चांगलंच. आम्ही हुरळून जातो. पण घासण्याआधी थोडं थांबा, आमच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचा. वाचता येत नसेल तर कुणाला विचारा. आणि तुमच्या घरी लांबून आजी-आजोबा राहायला आले असतील, तर त्यांना सगळं येतंय असं धरून चालू नका. ते चुकतात ते येत नाही म्हणून नाही. त्यांना जे येतं, ते दुसऱ्या घरात शिकलेलं असतं. त्यांच्याजवळ बसा, त्यांचं घर कसं होतं ते विचारा, तुमचं कसं आहे ते सांगा. एवढ्यानं एखादा जीव वाचतो.

आता रविवारी अंगणात मला पेटवायचं काम सचिनचं. आई त्याला सांगते, काटकी आडवी नको, उभी घाल. नानासाहेब खुर्ची लांब ठेवून बसतात आणि दोघांच्याही चुका काढतात. लोक म्हणतात, बंब पूर्वीसारखा चालतो. तसं नाही. काडी ओढल्याचा आवाज आला की अजून माझ्या पोटातलं पाणी थरथरतं. मी आधी वारा कुठून येतोय ते बघतो. मगच आग पोटात घेतो.