मैल मोजणारं यंत्र

दसऱ्याला सायकलीनं नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचं, असं आमच्या ह्यांनी, इंद्रभान गुरुजींनी आणि सायकल दुरुस्तीवाल्या जगदेवभाऊंनी ठरवलं. वाशीमहून कारंजा, अमरावती, मग पुढे. पंप आणि पंक्चरचं सामान जगदेवभाऊंचं होतंच. वाद उरला तो यंत्राचा. वर्गणीत एकच बसत होतं. गुरुजींना होकायंत्र हवं होतं, ह्यांना मैल मोजणारा मीटर.

बैठक आमच्या ओसरीत. आमच्या तान्ह्या पोरीला, मित्राला, दात येत होते, ती कडेवर रडायची, मी एका हातानं चहा द्यायची. गुरुजींचं म्हणणं, दिशा चुकली तर मैल मोजून करायचं काय. ह्यांचं म्हणणं, किती आलो ते कळलं नाही तर दम कुठं खायचा ते कसं कळणार. सासूबाई तूर पाखडत होत्या.

"नागपूरले चालले का समुद्रात?" त्यांनी विचारलं.

गुरुजींनी आधी करून पाहायला म्हणून शाळेतलं होकायंत्र आणून हँडलला बांधलं. सायकल कारंज्याकडे वळवली, काटा हँडलच्या नळीकडे. उलट रिठद गावाकडे वळवली, तरी नळीकडेच. लोखंड ओढतं त्याला, जगदेवभाऊ म्हणाले. मग गुरुजी ते हातात धरून, एका हातानं सायकल चालवत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि नालीत उतरले. हातातलं होकायंत्र उत्तर दिशा मात्र बरोबर दाखवत होतं.

त्यामुळे मीटर आला. पुढच्या चाकाच्या आसापाशी बसवला. चाकाच्या आऱ्याला एक खिळा. चाक फिरलं की खिळा मीटरच्या दातऱ्या चकतीला टिचकी मारतो. टक. ह्यांनी सायकल उलटी करून चाक फिरवून पाहिलं. टक, टक, टक. मित्रा रडायची थांबली. थोड्या वेळानं माझ्या खांद्यावर तिचं डोकं जड झालं.

कितीतरी दिवसांनी ती दुपारची झोपली होती. मीही झोपले, जमिनीवर, काही न अंथरता.

तेव्हापासून रोज जेवणं झाली की सायकल उलटी. कधी मी फिरवायची, कधी सासूबाई. बाळाला खेळवताना करतो तसा तोंडानं आवाज करून पाहिला, तर पोरीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि रडायला लागली. तिला खराच हवा होता.

निघायच्या आदल्या दिवशी तिघं जमले तेव्हा गुरुजींनी वाकून आकडा वाचला आणि ह्यांच्याकडे वळले.

"देवमन, हे तं नागपूरले जाऊन वापस आलं."

आधीचे मैल वजा करता येतील, असं गुरुजी समजावत राहिले. हे पाळण्याकडे पाहत होते. पोळ्या शेकताना माझा डोळा लागून हात भाजला होता, त्याचा फोड अजून होता. तो मी पदराखाली घेतला.

"न्या तुमी मीटर," मी म्हटलं. "मी घेईन तिले खांद्यावर."

"डांबरी सडक हाये," हे म्हणाले. "थे नागपूरलेच जाते. जगदेव, पाना दे."

गुरुजींनी विचारलं, मग इतके दिवस भांडलो काहून.

जगदेवभाऊंनी मीटर पाळण्याच्या खांबाला ठोकला आणि पाळण्याच्या कडेला खिळा. झोका पुढे गेला, टक. मागे आला, टक. चकती एक दात पुढे, एक दात मागे. आकडा जागचा हलत नव्हता. गुरुजींनी ते बराच वेळ पाहिलं आणि असं यंत्र शास्त्रात बसत नाही म्हणून घरी गेले.

पहाटे तिघं निघाले. दुपारी मित्रा रडायला लागली. मी दोरी ओढली. ती गप्प झाली, मग पुन्हा रडली. बहुतेक सायकल शोधत होती. सासूबाईंनी दोरी माझ्या हातून घेतली आणि जरा सावकाश ओढायला लागल्या, उतारावरच्या सायकलीसारखी नाही, चढावरच्यासारखी. टक. मग टक.

मित्रा झोपली.

"तू बी पड," सासूबाई म्हणाल्या.

मी पाळण्याखाली आडवी झाले. तिकडे ते कारंज्याला पोचले असतील की नाही, हे सांगणारं काही घरात नव्हतं.