एका शब्दात उत्तर

विश्वेश पुण्यात नऊ वर्षं नोकरी करून ओरोसला परत आला तेव्हा आंबा बागायतदार संघाच्या संगणक विभागाची सोमवारची बैठक दोन तास चालायची. त्यात चहा दोनदा, कांदाभजी एकदा आणि कामाचं बोलणं शेवटच्या दहा मिनिटांत व्हायचं. विभागात माणसं सहा. सगळ्यात जुना साल्वादोर, संघाचा सर्व्हर सांभाळणारा. संघात टाइपरायटर होता तेव्हापासून तो होता आणि पहिला संगणक खोक्यातून त्यानेच बाहेर काढला होता.

विश्वेशने महिन्याभरात बैठकीचं रूप पालटलं. खुर्च्या बाहेर काढल्या. वेळ पंधरा मिनिटं. मागणी असो वा अडचण, विषयपत्रिकेवर असेल तरच बोलायची, मधेच कोणी कोणाच्या टेबलाशी जाऊन काही मागायचं नाही. विचारलेल्याचं उत्तर शक्यतो एका शब्दात. बोलणं प्रमाण मराठीत, कारण इतिवृत्त लिहिणारी चारुता यवतमाळची होती आणि तिला मालवणी कळत नसे. इतिवृत्त दुपारपर्यंत सगळ्यांना पोचायचं आणि संध्याकाळी पाचपर्यंत हरकत आली नाही तर ते कायम.

"काय रे विश्वेशा," साल्वादोर म्हणाला, "तुझी बैठक म्हणजे शाळेतली प्रार्थना. उभ्यान सुरू, उभ्यान खलास."

सगळे हसले. विश्वेशही हसला. पण कामं उरकू लागली, हेही खरं होतं. संघाचे अध्यक्ष देवगडचे. त्यांना सगळा जिल्हा भाई म्हणे. त्यांनी दोन वेळा दारात उभं राहून बैठक पाहिली आणि एप्रिलपासून पणन विभागही विश्वेशकडे द्यायचं बोलून टाकलं. विश्वेशने त्याच आठवड्यात पुण्यातली भाड्याची जागा सोडली, बायकोला आणि मुलीला बोलावून घेतलं आणि मुलीचं नाव कुडाळच्या शाळेत घातलं.

डिसेंबरातल्या दुसऱ्या सोमवारी विषयपत्रिकेवर आठ विषय होते. सातवा साल्वादोरने घातलेला. बैठकीला तेरा मिनिटं झाली होती.

"सात. बागनोंदणीचा बॅकअप," विश्वेशने वाचलं. "साल्वादोर?"

"होयो," साल्वादोर म्हणाला.

चारुताने लिहिलं : होय.

विश्वेश वालावलचा. 'होयो' म्हणजे 'हवा', हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याची आई आल्यागेल्याला 'चाय होयी?' असंच विचारायची. बॅकअपची डिस्क बंद पडली आहे, नवी हवी आहे, एवढं सगळं त्या एका शब्दात होतं आणि ते त्याला तिथल्या तिथे समजलं. चारुताच्या वहीतलं 'होय' त्याने पाहिलंसुद्धा. पण घड्याळ चौदाव्या मिनिटावर होतं, भाई नुकतेच दारात येऊन उभे राहिले होते, आणि मालवणी शब्दाची फोड करायची म्हणजे स्वतःचाच नियम मोडायचा. नंतर बघू, असं मनाशी म्हणून त्याने आठवा विषय वाचला. दुपारी इतिवृत्त आलं, त्याने सही केली. साल्वादोरने ते उघडलंच नाही. विश्वेशने ऐकलं आहे म्हणजे काम झालं, असं त्याच्या डोक्यात होतं. तो डिस्कची वाट पाहत राहिला, आणि मधे विचारायचं नाही असं ठरलं होतं म्हणून त्याने विचारलं नाही.

अकरा फेब्रुवारीला सकाळी सर्व्हरची मुख्य डिस्क गेली. चार हजार बागायतदारांची कलमवार नोंदणी, दोन वर्षं माणसं बागा-बागांतून हिंडून केलेली, तिच्याबरोबर गेली. नोंदणीशिवाय पेट्यांवरची लेबलं छापता येईनात. पहिल्या तोडीचा आंबा तयार होता आणि लोक संघाच्या दारात येऊन उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारुता विश्वेशच्या खोलीत आली. तिने दार लावून घेतलं.

"सर, कॅन्टीनमध्ये नर्मदाताईंनी मला विचारलं, 'गो, भात होयो?' मी म्हटलं, 'होयो' म्हणजे काय हो? तर त्या हसायला लागल्या, म्हणाल्या, 'हवा का?'" ती थांबली. "साल्वादोर काका 'होय हो' म्हणाले असं मला वाटलं होतं. ते डिस्क मागत होते, ना?"

"असेल."

"मी दुरुस्ती लिहून देते. चूक माझी आहे."

"चूक तुझी नाही," विश्वेश म्हणाला. एवढं एक वाक्य खरं होतं. पुढचं त्याने कागद सारखे करत म्हटलं, "पण हरकतीची मुदत त्याच संध्याकाळी संपली. आता बदललं तर सगळीच इतिवृत्तं संशयात येतील."

"पण सर, तुम्ही तर इथलेच."

चुकलेला शब्द चारुताचा, पण तो चुकला हे तिथे उभं राहून कळलेला माणूस एकच होता. दुरुस्ती झाली की पुढचा प्रश्न त्यालाच येणार होता. वहीत 'होय' राहिलं तर साल्वादोर जाणार, आणि 'होयो' झालं तर तो स्वतः. हा हिशेब त्याने त्या तीन दिवसांत इतक्या वेळा केला होता की आता तो करावाही लागत नव्हता.

चौकशीची बैठक शुक्रवारी झाली. भाई, विश्वेश, साल्वादोर, आणि लिहायला चारुता. भाईंनी डिसेंबरचं इतिवृत्त वाचलं.

"साल्वादोर, बॅकअप आसा म्हणान तू सांगलंस. खंय आसा?"

"मियां 'होयो' म्हटलंय. 'होय' नाय," साल्वादोर म्हणाला. आवाज चढला नव्हता. तो विश्वेशकडे वळला. "तू थंय उभो होतस. तुका कळलां नाय?"

भाईंनीही विश्वेशकडे पाहिलं. "काय रे, काय म्हणालो होतो ह्यो?"

"इतिवृत्तात 'होय' आहे," विश्वेश म्हणाला. "हरकत आलेली नाही. आणि बैठकीत प्रमाण मराठीत बोलायचं, हे सगळ्यांना लेखी दिलेलं आहे."

"सर, मी लिहिताना—" चारुताने सुरुवात केली.

"ते आज विषयपत्रिकेवर नाही."

तिचं पेन वहीवर टेकलेलं राहिलं. भाई देवगडचे. शब्दातला फरक त्यांना न कळण्यासारखा नव्हता. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं.

"गेटार बागायतदार उभे आसत. तेंका मी शब्दाचो अर्थ सांगत बसू? कागदावर आसा तांच खरां." मग उठता उठता ते विश्वेशला म्हणाले, "तुझी बैठक बरी. आमच्या संचालक मंडळाक एवढ्याक तीन तास लागतत."

साल्वादोरला राजीनामा द्यायला सांगितलं. त्याच्या निवृत्तीला चौदा महिने होते.

सोमवारी कामं ताब्यात घ्यायला विश्वेश सर्व्हरच्या खोलीत गेला. साल्वादोरने सगळं एका वहीत लिहून ठेवलं होतं : कुठली तार कुठे जाते, कुठला पंखा मधे अडकतो, कुठला पासवर्ड कुठल्या यंत्राचा. तो पानापानावर बोट ठेवून समजावत गेला. "हे आपण पाहून घ्या. इथे आपल्याला दर पंधरवड्याला लक्ष द्यावं लागेल." पाऊण तास तो बोलत होता, धड्यातल्यासारखं स्वच्छ, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. त्याला असं मराठी येतं हे विभागात कोणाला माहीत नव्हतं.

वही मिटल्यावर विश्वेशने दाराकडे पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं.

"साल्वादोर," तो खालच्या आवाजात म्हणाला, "माका माफ कर रे."

साल्वादोर चष्मा पुसत होता. त्याने तो डोळ्यांवर चढवला आणि अदबीने विचारलं, "काय म्हणालात आपण? मला समजलं नाही."

विश्वेशने तेच वाक्य प्रमाण मराठीत जुळवून पाहिलं. ते तोंडातून बाहेर येईना. मग त्याने खिशातून पेन काढलं आणि वही मिळाल्याची सही केली.