बावीस रुपयांची सरी

मित्रांनो, गळ्यात घालायची चांदीची जाड, गोल कडी असते, तिला आपल्याकडे सरी म्हणतात. मी तशीच एक सरी आहे, पण आता कुणाच्या गळ्यात बसत नाही. माझा मोठा भाग कधीच कापला गेला. तो का कापला आणि परत जोडायला गेल्यावर एका घरात काय झालं, ते तुम्हाला सांगते. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म पिंपळगाव बसवंतच्या बाजारातला. भट्टीत जाण्यापूर्वी मी बावीस सुटे रुपये होते. तेव्हा रुपया चांदीचा असायचा आणि तोच वजनाच्या कामी यायचा. चार रुपयांइतकी चांदी असली की तिला चार रुपयेभार म्हणायचे. रेल्वेच्या रुळांखाली खडी टाकून एका बापानं ते बावीस रुपये साठवले होते. त्याच्या मुलीचं, भिमाबाईचं, लग्न ठरलं होतं. तो म्हणायचा, पोरीच्या गळ्यातला पैसा सगळ्यांना दिसतो, म्हणून तो गुपचूप कुणाला उडवता येत नाही.

सोनारानं ते रुपये त्याच्या हातातून घेतले नाहीत. पायरीवर ठेवायला लावले, वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि मग उचलले. घडवून झाल्यावर मलाही त्यानं पायरीवरच ठेवलं. बापानं मला वाकून उचललं. त्या रुपयांना आधी कितीतरी हात लागले असतील. त्यातले कुणाचे चालत होते आणि कुणाचे नाही, हे ते पाणी ओतणाऱ्याला कसं कळत होतं, याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

भिमाबाईनं मला वीस वर्षं घातलं. उन्हात निंदायला बसली की मी तापायची आणि तिच्या मानेला चटके बसायचे. मग ती पदराचं टोक माझ्याखाली सरकवायची. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या बायका माझं कौतुक करायच्या. गावातल्या बायका विहिरीवरून ओरडायच्या, "मजुरी कमी करा यांची, गळ्यात बघा केवढं हाय." त्यांच्या अंगावर सोनं होतं. वस्तीतल्या बाईनं चांदी घातली तरी त्यांना ती खुपायची.

मग धम्मदीक्षेनंतरचं वर्ष आलं. वस्तीनं ठरवलं, गावातली मेलेली जनावरं आता आपण ओढायची नाहीत. गावानं उलट ठरवलं. वस्तीला शेतात काम नाही, गिरणीत दळण नाही, दुकानात सामान नाही. भिमाबाई आठ आणे घेऊन मीठ आणायला गेली, तेव्हा दुकानदार म्हणाला, "तुझ्या पैशाला माझ्या गल्ल्यात जागा नाय." तिचा नवरा धोंडीराम आणि मुलगा काम शोधायला नाशिकला गेले होते आणि त्यांचा काही निरोप येत नव्हता. घरात भिमाबाई होती आणि तिची चौदा वर्षांची सून चांगुणा. मडकी रिकामी झाली होती.

एका सकाळी भिमाबाई उंबऱ्यात बसली आणि सुनेला म्हणाली, "धर दोन्ही टोकं. वढ."

मी इतकी वर्षं त्या गळ्यात होते की सहज निघेना. चांगुणा मध्येच थांबली. "आत्याबाई, दुखतंय का?"

"तू वढ."

मी निघाले. भिमाबाईच्या मानेवर जिथं मी होते, तिथं फिकट वर्तुळ उरलं.

दोघी चालत पिंपळगावला गेल्या. तिथल्या व्यापाऱ्यानं मला तराजूत टाकलं. "आख्खी दे," तो म्हणाला, "तुकड्याला भाव नाय येत."

"आख्खी दिली तर फुडल्या महिन्यात काय देऊ?" भिमाबाई म्हणाली. "चार रुपयेभार काप. त्याची बाजरी दे."

त्यानं मला दगडावर ठेवलं आणि छिन्नी लावली. पहिला घाव चुकला, त्याचा वण माझ्या अंगावर राहिला. दुसऱ्या घावात तुकडा पडला. आम्ही तिथं आणखी दोनदा गेलो. एकदा तीन रुपयेभार गेले आणि शेवटी दोन. दर वेळी टोक वेडंवाकडं व्हायचं आणि काठ दुमडायचा. मित्रांनो, दागिना म्हणून मिरवले त्या वीस वर्षांत मी कुणाचं पोट भरलं नव्हतं. त्या चार महिन्यांत भरलं.

पुढं निंदणीला माणसं कमी पडली, तेव्हा गावानं वस्तीला बोलावणं पाठवलं. माफी कुणी मागितली नाही. वस्तीनंही मेलेली जनावरं पुन्हा ओढली नाहीत. माझे मात्र तेरा रुपयेभार उरले होते आणि आकार कोयत्याच्या पात्यासारखा झाला होता. भिमाबाईनं मला फडक्यात बांधून ठेवलं. ती गेल्यावर मी चांगुणाकडे आले.

त्यानंतरची माझी वर्षं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेली. चांगुणाच्या मुलाला नोकरी लागली आणि सगळे नाशिकरोडला दुसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला आले. रेशनकार्ड, पासबुक, जुन्या पावत्या, आणि तळाशी मी. वर्षातून एकदा चांगुणा मला बाहेर काढायची, तुटल्या टोकावरून बोट फिरवायची आणि परत ठेवायची. मी तिच्या सासूची, एवढं सोडून माझ्याबद्दल ती घरात एक शब्द बोलली नाही.

आज चांगुणा ब्याऐंशी वर्षांची आहे. तिची नात पायल अंबडच्या एका कंपनीत नोकरी करते. यंदा पायलचं लग्न ठरलं. आजकाल मुलींना जुन्या चांदीची हौस आहे. चांगुणा कळवणला लेकीकडे गेली असताना पायलनं डब्यातून मला काढलं आणि आईला विचारलं, "हे काय गं?"

"आजीच्या सासूची सरी आहे," मोहिनी म्हणाली. मोहिनी म्हणजे चांगुणाची सून. "तुटकी आहे बघ. जोडून घे, लग्नात छान दिसेल. आईंनाही बरं वाटेल."

मला सराफ बाजारात चंदर नावाच्या कारागिराकडे नेलं. त्यानं माझ्या दोन्ही टोकांवर कानस चालवली. दुमडलेले काठ गेले. चुकलेल्या घावाचा वण गेला. मधल्या जागेत नऊ तोळे नवी चांदी बसवून त्यानं झाळ दिली, म्हणजे सांधे वितळवून जोडले, मग गरगर फिरणाऱ्या यंत्राला लावून मला चकचकीत केलं. त्याचा हात चांगला होता, काम मन लावून केलं होतं. तरीही त्या यंत्राचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. पायलनं आपल्या बोनसचे सगळे पैसे त्यात घातले होते.

चांगुणा परत आली त्या संध्याकाळी पायल मला गळ्यात घालून तिच्यासमोर उभी राहिली. "आजी, बघ."

चांगुणानं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "कुणाला इचारून?"

"अगं, तुटकी होती. मी जोडून आणली."

"तुटकी नव्हती. तोडलेली होती. काढ ती."

"आई, एवढं काय झालं त्यात?" मोहिनी मध्ये पडली. "पोरीनं स्वतःच्या कमाईनं केलंय. दोन शब्द गोड बोलायचे तर..."

"तुला कुणी डबा उघडायला सांगितला?"

आता पायलही चिडली. "तू कधी सांगितलंस का काही? इतकी वर्षं डब्यात पडून होती. आम्हाला स्वप्न पडणार होतं का? मी लग्नात हीच घालणार."

"घालून बघ," चांगुणा म्हणाली आणि आत निघून गेली.

नऊ दिवस त्या घरात आजी आणि नात एकमेकींशी बोलल्या नाहीत. चांगुणा आपलं ताट वेगळं घेऊन बसायची. पाहुणे आले की दोघी हसायच्या, पाहुणे गेले की तोंडं फिरवायच्या. मोहिनी दोन्हीकडून बोलणी खायची आणि भांडी आपटायची. लग्नाच्या घरात असं वातावरण होतं, आणि कारण मी होते.

दहाव्या दिवशी पायल कामावर गेल्यावर चांगुणानं मला आणि चंदरचं बिल पिशवीत टाकलं, रिक्षा केली आणि एकटी सराफ बाजारात गेली. चंदरच्या दुकानात बाकड्यावर बसून तिनं मला पुढं केलं. "ही नवी चांदी काढून टाक."

चंदर गोंधळला. "आजी, काम पसंत नाही का?"

"काम चांगलं हाय. काप."

"बिल तुमच्या नातीच्या नावावर आहे. त्यांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"मग इचार. मी बसते."

चंदरनं पायलला फोन लावला. तासाभरात ती आली. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच होतं. "आता इथं येऊन तमाशा करायचाय का?" ती म्हणाली. "लग्नाला बारा दिवस राहिलेत, आजी. मला एकदा सांग, तुझं माझं काय वैर आहे?"

चांगुणानं तिच्याकडे पाहिलं नाही. ती चंदरला सांगू लागली, जणू पायल तिथं नव्हतीच. वस्तीवरचा तो बहिष्कार, ती बाजरी, ती छिन्नी, सगळं. चंदरनं हातातलं काम खाली ठेवलं. मग ती अशा गोष्टीवर आली, जी मलाही ठाऊक नव्हती. कापलेला तुकडा व्यापाऱ्याकडे जायचा, दाणे पाटीतून जायचे. त्यांचं पुढं काय झालं, ते मला कोण सांगणार?

"शेवटचे दोन रुपयेभार आमच्यासाठी नव्हते," चांगुणा म्हणाली. "शेजारी भागीबाई होती. पदरात चार महिन्यांचं पोर, अंगावर एक मणी नाय. आत्याबाईचं अन् तिचं जुनं भांडण. तरी आत्याबाईनं पायलीभर, म्हंजी चार शेर, बाजरी मोजली अन् मला म्हणली, तिच्या घरी टाकून ये. मी निघाले. मला लय भूक होती. वाटंत गोठ्याआड बसले अन् शेरभर ओच्यात काढून घेतली. तीन दिवस कच्ची चावून खाल्ली."

चांगुणा पुढं सांगत राहिली.

"भागीबाईनं मोजली. आत्याबाईला येऊन म्हणली, पायली म्हणून धाडली अन् शेर कमी. आत्याबाई तिच्यावर धावून गेली. गळ्यातलं मोडून तुला दिलं अन् तू मलाच खोटं पाडती, म्हणली. सगळी वस्ती भागीबाईवर थुंकली. मी तिथंच उभी होते. मी तोंड नाय उघडलं. त्या दोघी मरेस्तोवर बोलल्या नाय एकमेकींशी."

तिनं माझ्या नव्या भागावर बोट ठेवलं. "हितं जागा मोकळी होती. बोट फिरवलं की मला भागीबाई आठवायची. तेवढंच मी करत होते तिच्यासाठी. तिथं आता हे चकाकतंय."

पायल बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिचा चेहरा अजून रागावलेलाच होता, पण आवाज उतरला होता. "मग माझ्यावर का ओरडलीस? मी काय केलं होतं?"

चांगुणानं पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिलं. "काय नाय," ती म्हणाली. "तू काय नाय केलं."

पायल चंदरकडे वळून म्हणाली, "कापा काका."

"कुठून?"

चांगुणानं मला डोळ्यांजवळ धरलं, पण जुनी जागा तिला सापडेना. मी सगळीकडे सारखीच चमकत होते. मग चंदरनं भिंग लावलं. झाळेची रेघ त्याला दिसली. त्यानं बारीक करवतीनं दोन्हीकडून कापलं. नवा तुकडा वेगळा झाला, तो त्यानं चांगुणापुढं ठेवला. तिनं तो पायलकडे सरकवला. "तुझे पैसे. तू घे."

पायलनं तो पर्समध्ये टाकला. परतीच्या रिक्षात दोघी दोन बाजूंना बाहेर बघत बसल्या. लग्नात पायलनं गळ्यात साधा मोत्यांचा सर घातला. निघताना ती आजीच्या पाया पडली, आजीनं डोक्यावर हात ठेवला. त्यांच्यात सगळं पहिल्यासारखं झालं, असं मी म्हणणार नाही. सासरी जाताना पायलनं मला मागून घेतलं आणि चांगुणानं दिलं, एवढं मात्र खरं.

मित्रांनो, जुनी वस्तू जपायची म्हणजे घासूनपुसून नवी करायची, असं तुम्हाला वाटत असेल, तर हात लावण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. ते सांगायचे नाहीत, चिडतील, तरी विचारा. आणि म्हाताऱ्यांनो, तुम्हीही वेळेवर सांगा. एक नात नऊ दिवस विनाकारण अबोला सोसत होती.

चंदरच्या करवतीनं माझी टोकं सरळ, गुळगुळीत कापली. छिन्नीचे घाव, दुमडलेले काठ, चुकलेला वण, यातलं काहीच परत आलं नाही. आता कुणी मला हातात घेतलं तर त्याला वाटेल, हिला अशीच घडवली असेल. माझ्या अंगावर वाचण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून हे सगळं मला तोंडानं सांगावं लागलं. भागीबाई खोटं बोलली नव्हती.