एक्केचाळीस जीबी हेगुम

नोकरी सोडते असं म्हणाले, त्या दिवसापासून प्यो गी-ते रोज संध्याकाळी माझी पिशवी तपासायचा. जेवणाचा डबा, छत्री, हातमोजे, चार्जर. चार्जर तर दोनदा उलटा करून बघायचा. नऊ वर्षं ज्याच्या मालिकांमधल्या रडणाऱ्या बायकांना मी सूर पुरवले, तो माणूस माझ्या हातमोज्यांत बोटं घालून चाचपायचा. मी समोर उभी राहायचे आणि मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

मांगवॉनच्या बाजारामागे एका तळघरात त्याचा स्टुडिओ आहे. टीव्हीच्या मालिकांचं पार्श्वसंगीत तिथे बनतं. मालिका सुरू झाली की पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं, संगीत दिग्दर्शक प्यो गी-ते. शेवटी धावत्या ओळीत आम्हा सहा जणांची नावं असतात. त्यात ताक योन-जू हे माझं नाव वाचायला आईला टीव्ही मध्येच थांबवावा लागतो. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. आमच्या धंद्यात पाटी एकाची आणि हात दुसऱ्याचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्योने दहा वर्षांत कॉम्प्युटरला हात लावलेला कोणी पाहिला नव्हता. मागे सोफ्यावर बसायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "थोडं आणखी दुःख घाल." उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय.

तक्रार होती ती हेगुमची.

आमच्या या दोन तारांच्या वाद्याचे तयार आवाज बाजारात विकत मिळतात. हवे तेवढे घ्या, कॉम्प्युटरवर चढवा, कळ दाबली की सूर वाजतो. पण ते सगळे आवाज कसे दात घासून आल्यासारखे गुळगुळीत असतात. मला खरखरीत हवे होते, म्हणून मी माझ्या गुरू नामगुंग सुन-रे यांना स्टुडिओत आणलं. तेव्हा बाई बहात्तर वर्षांच्या होत्या. दोन हिवाळे त्या माझ्यासमोर वाजवत बसल्या. जमीन गरम करणाऱ्या पंपाची घरघर आत यायची, म्हणून मी तो बंद ठेवायचे. बाई दोन कोट आणि दोन मोजे घालून बसायच्या. एकेक सूर हळू, जोरात, थरथरता, ओरखडल्यासारखा, आणि प्रत्येक पाच-पाच वेळा. बोटं गारठली की माझ्या बार्लीच्या चहाच्या कपावर धरायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्या त्या यंत्राला अजून पोट भरलं म्हणता येईना का गं?"

तीन हजार आठशे सूर झाले. ते कापायला, निवडायला, कळांवर बसवायला मला वर्ष लागलं. खालच्या सुरांच्या आधी बाई श्वास घ्यायच्या, तो मी ठेवला. सगळं मिळून एक्केचाळीस जीबी भरलं. त्या आवाजावर प्यो मोठा झाला. लोक 'प्योचं हेगुम' म्हणायला लागले, आणि त्यानेही कुणाला अडवलं नाही. बदल्यात बाईंना त्याने चुसकच्या सणाला हॅमच्या, म्हणजे खारवलेल्या मांसाच्या, डब्यांची पेटी पाठवली. पेटीला रिबीन होती.

पुढे बाईंचा उजवा हात थरथरायला लागला. गज धरवेना. मग महिन्या-दोन महिन्यांनी त्या बुप्यॉंगहून स्टुडिओत यायच्या, माझ्या शेजारी बसायच्या आणि म्हणायच्या, "वाजव." मी कळा दाबायचे, त्या स्वतःचंच वाजवणं ऐकायच्या. एकदा उठताना म्हणाल्या, "माझे हात तुझ्याकडे ठेवलेत. नीट ठेव हो." मी हो म्हणाले होते.

आता माझ्या नोकरीच्या करारात लिहिलं होतं की स्टुडिओत बनलेलं सगळं स्टुडिओचं. सव्विसाव्या वर्षी मी न वाचता सही केली होती. पण कॉम्प्युटर माझा होता, मी घरून आणलेला, आणि जाताना तो मी नेणार होते. म्हणून प्योने हुकूम काढला. शेवटच्या दिवशी हेगुमची लायब्ररी, म्हणजे हा सगळा सुरांचा संग्रह, माझ्या कॉम्प्युटरवरून त्याच्या नव्या बाहेरच्या ड्राइव्हवर जायची आणि माझ्याकडून पुसली जायची. त्याच्या आदल्या आठवड्यात त्याने माझी जपून ठेवलेली दुसरी डिस्क मागवून घेतली आणि माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या एकाकडून कोरी करून घेतली.

"दोन कॉप्या असल्या की एक बाहेर जाते," तो म्हणाला.

"सर, हलवेपर्यंत तरी राहू द्या. मध्ये काही झालं तर?"

"तुझ्या हातून काही होऊ नये म्हणूनच तर पुसतोय."

मंगळवारी, माझ्या शेवटच्या दिवशी, दुपारी बाकीची मंडळी जेवायला गेली होती. मी ड्राइव्ह लावायला पुढे झाले, तर त्याने हात आडवा घातला.

"तू नाही. मी करणार."

"अर्ध्या तासाचं काम आहे सर, मी करून देते. तुम्ही शेजारी बसून बघा."

"वा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. सरक."

तो माझ्या खुर्चीत बसला. काड्यापेटीएवढा नवा ड्राइव्ह त्याने खिशातून काढला आणि तारेने जोडला. मग मान पुढे काढून पडद्यावर शोधत राहिला. कुठलं फोल्डर कुठे आहे हे विचारायची त्याला लाज वाटत होती, आणि मीही सांगितलं नाही. शेवटी त्याने सरळ ते वाद्यच उघडलं आणि 'दुसरीकडे साठवा' दाबलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. असल्या संग्रहाचे दोन भाग असतात. एक चिमूटभर फाइल, तिच्यात नुसता पत्ता असतो, कुठल्या कळीला कुठला सूर कुठून उचलायचा तेवढा. दुसरा भाग म्हणजे खरे सूर, आणि सगळं वजन त्यांचंच. साठवताना कॉम्प्युटर विचारतो, नुसता पत्ता की पत्ता आणि सूर दोन्ही? नुसत्या पत्त्यावर आधीच खूण असते. प्योने वाचलं नाही, एंटर मारलं.

दोन सेकंदांत झालं.

"संपलं," तो म्हणाला. "अर्धा तास म्हणे. याला म्हणतात महागाचा ड्राइव्ह."

"सर, एक्केचाळीस जीबी दोन सेकंदांत जात नाही. नुसता पत्ता गेलाय. सूर अजून इथेच आहेत."

त्याने कळ दाबली. बाईंनी श्वास घेतला आणि खालचा सूर वाजला.

"मग हे काय, भूत वाजवतंय?"

"ते माझ्या कॉम्प्युटरवरूनच वाजतंय. नव्या ड्राइव्हवरचा पत्ता जुन्या जागेवरून सूर उचलतोय. आधी जुन्या फोल्डरचं नाव बदला आणि मग दाबून बघा. तरीही वाजलं तर खुशाल पुसा."

आमच्या धंद्यातलं हे पहिलं पथ्य. जुन्या घराला कुलूप लावल्याशिवाय नव्या घरात कोणी राहायला आलंय की नाही ते कळत नाही. काल कामाला लागलेल्यालाही आम्ही हे आधी शिकवतो. प्योला कोण शिकवणार? तो खुर्चीसकट माझ्याकडे वळला.

"म्हणजे मी नाव बदलायचं. मग ते वाजणार नाही. मग तू म्हणणार, सर, बिघडलं, उठा, मी बघते. आणि मी उठलो की तू तुझा कार्यभाग उरकणार. मला काय काल गावाहून आलेला समजलीस?"

"मी तिकडे भिंतीपाशी उभी राहते. हात वर करून उभी राहते, हवं तर. पण एकदा बघून घ्या."

"नऊ वर्षं शिकवलं तुला. त्याचं हे फळ."

"काय शिकवलंत?"

ते तोंडातून निघून गेलं. त्याचा चेहरा लाल झाला. मी लगेच आवाज खाली आणला, कारण पडद्यावरच्या त्या फोल्डरमध्ये बाई होत्या.

"सर, बाईंना आता वाजवता येत नाही. हे गेलं तर परत मिळायचं नाही. माझ्यासाठी नको, तुमच्यासाठी तरी बघा."

"त्या म्हातारीचं पुराण पुरे. हॅमचे डबे दिलेत की तिला. दोन महिने चघळली असेल."

 दोनदा सांगितलं होतं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. त्याचं मनगट माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. धरता आलं असतं, तार उपटता आली असती, कॉम्प्युटर पाडता आला असता. तोंड उघडलं असतं तर शिवीच बाहेर पडली असती, म्हणून मिटलं, असं मी नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितलं. खरं ते नव्हे. त्या क्षणी मला वाटलं, कर. पूस. आपटू दे तुझं नाक.

त्याने फोल्डर उचलून कचऱ्यात टाकलं आणि कचरा रिकामा केला. कॉम्प्युटरने नक्की ना म्हणून विचारलं. त्याने नक्की म्हणून सांगितलं. ड्राइव्ह कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि वर थाप मारली. मग माझी पिशवी तपासली. हातमोजेसुद्धा.

त्याच संध्याकाळी पुसलेलं परत मिळतं का बघायला मी कॉम्प्युटर घेऊन योंगसानच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेले. एका दुकानात नाही म्हणाले, म्हणून दुसऱ्यात गेले. या असल्या डिस्कवरून पुसलं म्हणजे पुसलं, असं दुसऱ्याने सांगितलं आणि मला पाणी दिलं.

शुक्रवारी मी बुप्यॉंगला बाईंकडे गेले. सांगायलाच गेले होते. पण त्यांनी मला गरम जमिनीवर बसवलं, उकडलेल्या चेस्टनटचं भांडं पुढे ठेवलं आणि माझ्या नव्या नोकरीचं विचारायला लागल्या. मी सोलत बसले आणि सांगणं पुढे ढकलत राहिले. तेवढ्यात फोन वाजला. सकाळपासूनचा तो सातवा.

"उचल ना," बाई म्हणाल्या. "आणि मोठ्याने लाव, मला ती फोनची कुजबुज आवडत नाही."

मी लावला. कदाचित मला तसंच हवं होतं.

"योन-जू," प्यो म्हणाला. त्याचा आवाज मी ओळखला नसता. "अगं, कळ दाबली की नुसती यादी येते. तीन हजार आठशे फाइली सापडत नाहीत म्हणतंय. आज अकरावा भाग द्यायचाय. आई शवागारात जाते तो प्रसंग आहे, त्यांना हेगुमच पाहिजे. मी बाजारातलं लावून दाखवलं, तर म्हणाले, हे प्योचं हेगुम नाही."

"नाहीच आहे."

"तुझ्या कॉम्प्युटरवर असेल ना काही उरलेलं?"

"दोन दुकानांत दाखवला, सर. काही नाही."

 त्याच्या मागे कोणीतरी वेळ सांगत होतं.

"हे बघ. मी रागावणार नाही. खरं सांग. तू एक कॉपी काढून ठेवली असशील."

"नाही."

"काढलीच असशील. दोन आठवडे होते तुझ्याकडे. मी रोज तपासत होतो खरा, पण माणूस काहीतरी शोधून काढतो. बुटात, चपलेत, कुठेही. तुझ्या जागी मी असतो तर पहिल्याच दिवशी नेली असती."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. त्याला माझ्यात हे दोन आठवडे जो चोर दिसत होता, तो आरशातलाच होता.

"चोरली म्हण," तो म्हणाला. "एकदा म्हण ना. करार मी फाडून टाकतो. तुझंच नाव देतो, मोठ्या अक्षरांत देतो. फक्त म्हण, चोरली होती."

या माणसाला असं गयावया करताना ऐकायचं, म्हणून मी कितीतरी रात्री झोपेत दात खाल्ले असतील. ते गोड लागेल असं वाटलं होतं. नाही लागलं. तो मला समजत होता तेवढी मी वाईट असते, तर आज सगळं शाबूत असतं.

"नाही चोरली, सर. तुम्ही तपासलं होतं."

मी फोन बंद केला. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"कसल्या फाइली गं?"

मग सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं नाही, तेही. त्याचं मनगट हातभर अंतरावर होतं, तेही. हॅमच्या डब्यांचं मात्र गाळलं.  बाईंचा उजवा हात गुडघ्यावर थरथरत होता. त्यावर त्यांनी डावा ठेवला आणि थोडा वेळ तो तसाच दाबून धरला.

"चोरायची होतीस ना गं," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं त्या माणसाजवळ काढलीस आणि एवढंही शिकली नाहीस."

 त्यांनी चेस्टनटचं भांडं कोपराने माझ्याकडे सरकवलं, तशी मी पुन्हा सोलायला लागले. त्यांच्याने आता सोलवत नाहीत.