त्रेपन्न पौंडांचा आकडा

धनुष्य घ्यायला माणूस दारातून आत आला की मी त्याचे खांदे बघत नाही, तोंड बघते. तोंडावर बढाई असली की त्याला जड धनुष्य हवं असतं, आणि जड धनुष्य नेणारा दोन महिन्यांत खांदा धरून परत येतो. मिशिगनच्या या उत्तरेकडच्या टोकाला मी एकतीस वर्षं दुकान चालवते आहे. पुढच्या खोलीत गळ आणि गांडुळं, मागच्या खोलीत धनुष्यं. या विषयातलं माझ्याइतकं इथे कुणाला कळत नाही. यात नम्रपणा दाखवण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

जूनमध्ये मार्लिस हेइक्किनेन आली. चौतीस वर्षांची बाई, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवते. तिचा बाप आर्वो एप्रिलमध्ये गेला होता. जंगलात हेइक्किनेन मंडळींचा कॅम्प आहे, म्हणजे लाकडी झोपडी, एक शेगडी आणि झोपायची सहा बाकं. ऑक्टोबरच्या एक तारखेला हरणांचा हंगाम सुरू झाला की घरचे शिकारी तिथे मुक्काम ठोकतात. आर्वोचं बाक आता रिकामं होतं आणि मार्लिसला तिथे झोपायचं होतं. लहानपणापासून ती बापाच्या मागे ते जंगल तुडवत आली होती. तिला दुसरं काही नको होतं.

अडचण एकच होती. कॅम्पच्या दारावर आर्वोनेच रंगवलेली पाटी आहे : चाकाचं धनुष्य चालणार नाही, पन्नास पौंडांखालची ओढ चालणार नाही. ओढ म्हणजे दोरी पुरती मागे खेचायला लागणारा जोर. तो आकडा धनुष्याच्या पात्यावर, म्हणजे मुठीच्या वरखाली वाकणाऱ्या भागावर, शाईने लिहिलेला असतो. मार्लिस आजवर चाकाचं धनुष्य वापरत आली होती; त्याच्या टोकांची चाकं अर्ध्याहून जास्त ओढ स्वतःवर घेतात. बापाचं साधं धनुष्य कॅम्पच्या भिंतीवर टांगलेलं होतं खरं, पण आर्वो डावखुरा. ते उजव्या हाताच्या माणसाच्या काय कामाचं?

तिच्याकडे सगळे मिळून दोनशे डॉलर होते. मी तिला वापरलेली लाकडी मूठ काढून दिली. थोडे ओरखडे होते, बाकी खणखणीत. या मुठीला पाती स्क्रूने बसवता येतात, त्यामुळे आज हलकी लावा, हात तयार झाला की जड घ्या, मूठ तीच राहते. पहिलं धनुष्य घेणाऱ्याला मी नेहमी हेच सांगते. दोरी चढवून मी ते टोकाकडून डोळ्यासमोर धरलं, पाती कुठे पिळवटलेली नाहीत याची खात्री केली आणि एकशे दहा डॉलर सांगितले. उरलेल्या पैशांत सहा चांगले बाण आणि हातमोजा घे म्हटलं. धनुष्यावर सगळे पैसे उधळून बाण भंगार आणणारे मी पुष्कळ पाहिलेत.

पात्यांवर अडतीस लिहिलेलं होतं. ते वाचून तिने पन्नासची मागितली.

मी वाद घातला नाही. पन्नासची पाती लावली आणि तिला मागच्या थंड कोठीत बुटक्या स्टुलावर बसवलं. अर्धा तास हलायचं नाही, मग बसल्या बसल्या ओढायचं आणि मी दहा म्हणेपर्यंत धरून ठेवायचं. दुकानात उभं राहून, अंग गरम असताना कुणीही ओढतो. हरीण मात्र तीन तास गारठल्यावर येतं. मी चार म्हणायच्या आत तिचा हात थरथरायला लागला. अडतीस तिने दहापर्यंत धरलं आणि वर मला जीभ दाखवली.

तरी ती हटेना. शेवटी म्हणाली, "मग अडतीसच घेते. पण इल्मी, तू त्याच्यावर त्रेपन्न लिही. बाबाच्या धनुष्यावर आहे ना, तसं."

बाबाच्या धनुष्यावरचं त्रेपन्न मीच लिहिलं होतं. सहा वर्षांपूर्वी आर्वोचा खांदा गेला, तेव्हा तो दुकान बंद व्हायच्या वेळेला आला, हलकी पाती घेऊन गेला आणि जुना आकडा लिहून दे म्हणाला. त्याच्या पाटीपुढे त्यालाच खाली बघायला लागलं असतं. कुणाला सांगू नकोस म्हणाला आणि मी शब्द दिला. धनुष्य डावखुरं असल्यामुळे दुसऱ्या कुणी ते कधी ओढून पाहिलंच नाही.

मी शब्द मोडला. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडला म्हणून माझी झोप वगैरे उडाली नाही. तो पाळत बसले असते तर उडाली असती. मार्लिसने सगळं ऐकलं आणि काउंटरवरचे गांडुळांचे डबे एकावर एक रचले.

"म्हणजे शेवटची सहाही हरणं?"

"एक्केचाळीस पौंडांनी मारली. पंधरा पावलांवरून, धारदार टोकाच्या बाणाने. हरणाला वाचता येत नाही, मार्लिस."

ती हसली, मग रडली, मग नाक पुसून तिने अडतीसचे पैसे मोजले. आकडा आहे तसाच राहू दे, नेम बघून घेतील तर घेतील, म्हणाली. बाबाचं मात्र कॅम्पवर बोलायचं नाही, असं तिने मला दोनदा बजावलं. पोरगी बापावर गेली होती.

उन्हाळाभर ती रोज तीस बाण मारायची. सुरुवातीला गवताच्या भाऱ्यापेक्षा मागच्या कुंपणालाच जास्त लागले. ऑगस्टअखेर पंधरा पावलांवरून कागदी ताटलीत सहापैकी सहा जायला लागले. मी रविवारी बघायला जायची आणि चुका काढायची. शेवटी शेवटी काढायला चुका उरेनात, तेव्हा तिची कॉफी पचकवणी आहे असं सांगून घरी यायची.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी कॅम्पवर लाकडं रचायला सगळे जमतात आणि त्या दिवशी प्रत्येकाच्या धनुष्यावरचा आकडा वाचला जातो. मीही मार्लिसबरोबर गेले होते. वाचायचं काम आता आर्वोच्या भावाकडे, रेइनोकडे होतं. वय एकाहत्तर, मान ताठ. मार्लिसने त्याच्यासमोर सहा बाण ताटलीत घातले. तो बघत होता आणि खूश होता, हे मला दिसत होतं. मग त्याने चष्मा लावून पात्यावरचा आकडा वाचला आणि पाटीकडे हात केला.

"तुझ्या बापाचा नियम आहे, पोरी. मी कोण मोडणारा?"

मार्लिस एक शब्द बोलली असती तर बाक तिचं होतं, पण बापाचं नाव खाली जाईल म्हणून तिने तोंड उघडलं नाही. धनुष्य उचलून ती ट्रककडे निघाली. मला असला मोठेपणा झेपत नाही. मी आत गेले, भिंतीवरून आर्वोचं धनुष्य काढलं, दोरी चढवली, माझ्या गाडीतला ओढ मोजायचा काटा आणला आणि रेइनोच्या नाकासमोर दोरी आर्वोच्या बाणाच्या लांबीइतकी खेचली. काट्यावर एक्केचाळीस आले.

"त्रेपन्न मी लिहिलं होतं," मी म्हटलं. "त्यानेच सांगितलं होतं म्हणून. खोटं लिहिलं, चूक माझी. पण त्या चुकीपायी ही पोर परत जाणार असेल तर ती पाटी मी आत्ता शेगडीत घालते."

मार्लिस ट्रकपाशी थांबली होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरी कुणी असते तर घाबरले असते. रेइनो पायरीवर बसला. आता हा आर्वोला शिव्या घालणार, नाहीतर मला, असं मी धरून चालले होते. त्याने आपलं पंचावन्नचं धनुष्य मांडीवर घेतलं. त्यावरचा आकडाही माझ्याच अक्षरातला, पण खरा.

"तीन वर्षं झाली, मला हे पुरतं ओढता येत नाही," तो म्हणाला. "मी जाऊन बसतो आणि संध्याकाळी येऊन सांगतो, काही दिसलं नाही. हरणं येत होती, इल्मी. माझ्या समोरून चालत जात होती."

मार्लिस परत आली आणि काकाच्या शेजारी पायरीवर टेकली. त्याने तिचं धनुष्य हातात घेतलं, बसल्या बसल्या दोरी हनुवटीपर्यंत खेचली आणि तशीच धरून ठेवली. मी मनात मोजत होते. दहाच्याही पुढे गेला. मग दोरी हळूच सोडून त्याने धनुष्य तिला परत दिलं आणि तिची पिशवी आत नेऊन आर्वोच्या बाकावर ठेवली.

बाहेर येऊन त्याने मला विचारलं, अशा पात्यांची आणखी एक जोडी दुकानात आहे का, आणि बुधवारी हंगाम सुरू व्हायच्या आत मिळेल का.