उज्वलाच्या शेतातला गहू

बायको उज्वला वारल्यापासून दयानंद सरांना कॉलेजात यायचंही जिवावर येई. अहमदपूरच्या त्या ज्युनियर कॉलेजात ते अकरावीला अर्थशास्त्र शिकवत. पुस्तकातून उतरवून द्यायचं म्हटलं की नको वाटायचं. जीव लागायचा तो एकाच तासाला. पोरं मोबाईलवर शेतीचा गेम खेळतात, त्यावरून ते मागणी-पुरवठा शिकवत. गेममध्ये पेरायचं, काढायचं आणि आपल्या दुकानात आपणच भाव लावून शेजारच्या खेळाडूंना विकायचं. गेम मूळ उज्वलाचा. लातूरच्या दवाखान्यात डायलिसिसला पडल्या पडल्या ती खेळायची. वर्गातली निम्मी पोरं गेममध्ये तिची शेजारी होती.

आज प्राचार्य मागच्या बाकावर येऊन बसले. पालकांच्या तक्रारी होत्या. "पोरांना समजलं तर चालू ठेवा," ते म्हणाले, "नाही तर सोमवारपासून पुस्तक."

सरांनी फळ्यावर लिहिलं, माल वाढला की भाव पडतो. मग सगळ्यांना एकदम गहू विकायला काढायला सांगितलं. माल भरपूर दिसावा म्हणून उज्वलाचा मोबाईलही गीतांजलीच्या हाती दिला. तिचं कोठार भरलेलं होतं. ती गेल्यापासून सरांनी त्याला हात लावला नव्हता.

"काकूचा गहू काय भावानं लावू, सर?"

"तुझ्या मनानं लाव."

गीतांजलीनं गेम लावू देईल तेवढा भाव लावला. सरांना वाटलं, बरं झालं. हा माल पडून राहील, म्हणजे पोरांना आपोआप कळेल.

वीरेशनं आपला गहू निम्म्या भावात काढला. कोणी ढुंकून बघेना.

"वीरेश, तुझा गहू किडका हाय काय रे?" कोणीतरी म्हणालं.

उज्वलाचं दुकान मात्र रिकामं झालं. गीतांजलीनं पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं झालं. वीरेशनंही तिथूनच घेतला.

"अरे, स्वस्तातला सोडून महागाचा काय घेऊन राहिलात?" सरांनी विचारलं.

वीरेश उठला. "सर, मयत झालेल्या घरचा माल पाडून मागत नसतेत. आमच्या गावात आधी त्यांचं पीक निघतं, मग आपलं."

"हा गेम आहे, बाबा."

"हाव सर. पण शेत काकूचंच हाय न्हवं."

प्राचार्य उठले. दारात थांबून हळूच म्हणाले, "सर, धडा काही जमला नाही. सोमवारपासून पुस्तक घ्या."

"हो, नाही जमला." वाद घालायचं त्राण सरांत नव्हतं, आणि प्राचार्यांचं खोटंही नव्हतं.

ते फळ्याकडे वळले. "परीक्षेत हे इथलं वाक्य लिहा. तुम्ही आत्ता केलं ते लिहू नका. मार्क मिळणार नाहीत."

"मग ते कुठं लिहायचं, सर?"

सर खुर्चीत बसले आणि घंटा होईस्तोवर त्यांनी पोरांना खेळू दिलं.